'युद्धसज्ज' की 'युद्धक्षम'? आणि 'विसंबून'चं काय?

प्रश्न : जर्मन सैन्यावरचा एक लेख मराठीत आणते आहे. संरक्षणमंत्री बोरिस पिस्टोरिउस ऑक्टोबर २०२३मध्ये टीव्हीवर म्हणाले, की देशाने 'क्रीग्सट्युष्टिश' व्हायला हवं. मी 'युद्धसज्ज' लिहिलं, पण वाचताना वाटतं सैन्य उद्याच निघणार. दुसरं, अमेरिकेवर युरोपची जी भिस्त आहे, तिला 'अवलंबित्व' एवढा एकच शब्द पुरेल का?

प्रतिसाद : 'क्रीग' म्हणजे युद्ध. 'ट्युष्टिश' म्हणजे लायक, आणि तो रोजच्या कामाचा शब्द आहे. समुद्रात न्यायच्या लायकीच्या जहाजाला जर्मन माणूस 'झेट्युष्टिश' म्हणतो. जहाजाला वादळ हवंय असं कुणी समजत नाही. आलं तर ते तरेल, एवढंच. म्हणून 'युद्धक्षम' घ्या. जर्मनीतही या शब्दावर वाद झाला, 'संरक्षणक्षम' म्हणा असं पुष्कळांचं म्हणणं होतं. पण मंत्री 'युद्ध' म्हणाले आहेत, तेव्हा अनुवादात ते सौम्य करू नका.

'सज्ज' मात्र टाकून देऊ नका, लेखात पुढे लागेल. तो मूळचा धनुष्याचा शब्द. 'ज्या' म्हणजे धनुष्याची दोरी. दोरी चढवलेलं ते 'सज्य', त्यावरून 'सज्ज'. क्षमता अंगात असते, सज्जता त्या घडीची असते. ऑक्टोबर २०१७मध्ये नॉर्वेजवळ यू-३५ या पाणबुडीच्या सुकाणूला इजा झाली आणि जर्मनीच्या सहाही पाणबुड्या एकाच वेळी निकामी झाल्या. बाकीच्या आधीच दुरुस्तीत किंवा दुरुस्तीच्या रांगेत होत्या, कारण शीतयुद्ध संपल्यावर सुट्या भागांचा साठा ठेवणंच बंद झालं होतं. पाणबुड्या उत्तम, खलाशी शिकलेले, पण सज्जता शून्य. तिथे 'युद्धक्षम' लिहिलंत तर चूक होईल.

प्रतिसाद : दुसऱ्या प्रश्नाबद्दल. 'अवलंबून असणं' ही परिस्थिती, 'विसंबून राहणं' ही वृत्ती. आई तान्ह्या बाळाला क्षणभर विसंबत नाही म्हणतो, तेव्हा 'विसंबणं' म्हणजे लक्ष काढून घेणं. दुसऱ्यावर विसंबणारा स्वतःच्या कामावरचं लक्ष असंच काढून घेतो. २०११मध्ये लीबियावरच्या नाटोच्या मोहिमेला अकरा आठवडे झाले तोच अनेक युरोपीय देशांचा दारूगोळा सरत आला. अमेरिकेचे तेव्हाचे संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी ब्रुसेल्समध्ये हे उघड बोलून दाखवलं. उणीव पुन्हा अमेरिकेनेच भरून काढली होती. याला 'अवलंबित्व' म्हटलं तर दोष कुणाचाच उरत नाही. मी 'विसंबून राहिले' असंच लिहीन.

प्रश्नकर्ती : मग नेदरलँड्स? त्यांनी २०११मध्ये उरलेले रणगाडे मोडीत काढायचं ठरवलं, पुढे शंभर फिनलंडला विकले.

प्रतिसाद : तिथे दोन्ही शब्द लागतील. विकताना ते विसंबले. पण २०१६पासून त्यांचे सैनिक जर्मनीच्या ४१४व्या रणगाडा बटालियनमध्ये जर्मनांच्या बरोबरीने काम करतात. माणसं आपली, सराव आपला, रणगाडे भाड्याचे. हे 'अवलंबून', 'विसंबून' नव्हे. आणि २०२५मध्ये त्यांनी स्वतःचे ४६ नवे लेपर्ड रणगाडे मागवले.

जाता जाता : नाटोतल्या देशांना 'दोस्त राष्ट्रे' लिहू नका. वाचक थेट दुसऱ्या महायुद्धात जाईल. 'मित्रराष्ट्रे' बरं.

प्रश्नकर्ती : बदललं. पिस्टोरिउस यांच्या तोंडी 'युद्धक्षम', पाणबुड्यांच्या परिच्छेदात 'सज्जता', आणि लीबियापाशी 'विसंबून'.