वेंगुर्ल्याचा बाजार: तुमच्या आठवणी सांगा

मे महिन्यात वेंगुर्ल्याला गेलो होतो. पुतण्याने विचारलं, "काका, इथे सगळ्यात जुनं काय?" त्याला डच वखार दाखवली. सतराव्या शतकातली, आता नुसत्या भिंती, चिऱ्यांत मुळं घुसलेली. परतताना वाटलं, वखारीचं पुस्तकात तरी सापडेल. बाजाराचं कोण सांगणार? ज्यांना आठवतंय त्यांनी लिहा. घरात ऐकलेलं असलं तरी चालेल.

पणजोबा गाडीवान होते

वेंगुर्ल्यातल्या गाडीअड्ड्याला हे नाव उगाच पडलेलं नाही. १८१२ साली वेंगुर्ला सावंतवाडीकरांकडून इंग्रजांकडे गेलं आणि पुढे बेळगावच्या छावणीचं सामान याच बंदरात उतरायला लागलं. आंबोली घाटाने बैलगाड्या कापूस, गूळ घेऊन उतरायच्या. परत जाताना मीठ, नारळ, सुकी मासळी. १८८०च्या दशकात मुरगाव बंदरातून आगगाडी सुरू झाली आणि घाटावरचा माल तिकडे वळला. आजी तिच्या सासऱ्यांचं वाक्य सांगायची, "आगगाडी गोव्यात इली आणि आमचे बैल इकूक लागले." बैलांची नावंही तिला पाठ होती. मी लिहून ठेवली नाहीत.

गिरणी कामगाराची मुलगी, आता ठाण्यात

आमची वाट पाण्याची. बाबा मुंबईला गिरणीत. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली बोट रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण करत यायची, पण धक्क्याला लागायची नाही. खोल पाण्यात उभी राहायची आणि होड्या उतारू आणायच्या. लाटेने होडी वर आली की पाय टाकायचा, खाली गेली की थांबायचं. एकदा बाबांची पत्र्याची ट्रंक पाण्यात गेली. काढली, पण आतल्या साबणाच्या वड्या विरघळून भावाच्या नव्या शर्टात मुरल्या. तो शर्ट कितीदा धुतला तरी लक्सचा वास जाईना. शाळेत त्याला मुलं 'वडी' म्हणायला लागली.

पावसाळ्यात बोटी बंद, त्या नारळी पौर्णिमेनंतर सुरू. मधले महिने बाजारातल्या दुकानदाराच्या वहीवर निघायचे. तांदूळ, गोडं तेल, काडेपेटी. मनीऑर्डर आली की तो पानावर आडवी रेघ मारायचा. कधी मागायला आला नाही. तरी आई त्या दुकानावरून जाताना पदर पुढे ओढून झपाझप चालायची. का, ते मला माझा संसार सुरू झाल्यावर कळलं.

बोटी गेल्या. १९९८ला कोकण रेल्वे पूर्ण झाली, ती कुडाळ-सावंतवाडीवरून. बंदर पुन्हा बाजूलाच.

मासळी विकणाऱ्या आजीचा नातू

तुमचं कापूस-गूळ राहू दे. बाजार म्हणजे मासे! आजी पेडव्यांचे वाटे लावायची, मोठे वर, लहान खाली. गिऱ्हाईक फसायचं नाही, सगळ्यांना ठाऊक होतं. तरी वाटे तसेच लावायचे. करवंटीने पाणी शिंपडत ओरडायची, "घे गो, फडफडीत आसत!" घासाघीस संपली की वरून दोन टाकायची, ते तिने आधीच हिशोबात धरलेले असायचे. सोमवारी बसायची नाही, गिऱ्हाईकच नसायचं.

काजूच्या कारखान्यात आई होती

बी फोडताना चीक उडतो, कातडी भाजते. आई हाताला राख लावायची. तरी बोटांची टोकं कायम काळी. लग्नाच्या जेवणात ती पान वाढायला पुढे होत नसे. पगार फोडलेल्या किलोवर. तुकडा झाला की कापला जायचा. इथल्या फळ संशोधन केंद्राने वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ अशा मोठ्या बीच्या जाती काढल्या, त्याचा गावाला अभिमान आहे, मलाही. पण कोकणच्या कारखान्यांत आफ्रिकेतली बीसुद्धा फोडतात, हे पाकीट घेताना कोणी विचारत नाही. आईच्या बोटांचंही कोणी विचारलं नाही म्हणा.

मुंबईहून सून म्हणून आले

लग्नाला आठवडा झाला होता. सासूबाई म्हणाल्या, "क्रॉफर्ड मार्केटात जाऊन आमसुलं घेऊन ये." मला वाटलं, मुंबईची म्हणून चेष्टा करतायत. मी हसले. त्या हसल्या नाहीत. धाकट्या दिराने हळूच सांगितलं, "वहिनी, हयसर पण आसा." पिशवी घेऊन निघाले, मार्केट सापडलं, आमसुलंही मिळाली. घरी आल्यावर सासूबाईंनी एक चाखून बघितलं आणि विचारलं, "कितीक दिलीन?" मी सांगितला तो भाव ऐकून त्या स्वतः चपला घालून निघाल्या.