तमिळ आणि जपानी: संपर्क मानायला पुरावा किती हवा?

सराफेकर, इंदूर: रविवारी पोहे खाताना तमिळ-जपानी संपर्काचा वाद अर्धाच राहिला, म्हणून इथे. सुसुमु ओनो या जपानी अभ्यासकाने तमिळ-जपानी शब्दांच्या शेकडो जोड्या दाखवल्या, तरी भाषाशास्त्री नाक मुरडतात. इतके शब्द योगायोगाने जुळतात होय?

निमाडी वारा: जुळतात, भिया. अर्थ जरा इकडेतिकडे सरकू दिला की मराठी-स्वाहिलीच्याही जोड्या निघतील. ऑस्ट्रेलियातल्या म्बाबाराम भाषेत कुत्र्याला 'डॉग'च म्हणायचे. इंग्रजीशी संबंध शून्य! शेजारच्या भाषांतला 'गुदागा' झिजत झिजत तिथवर आला.

खरा पुरावा फिनिशमध्ये बघा. भाषा वेगळ्या कुळातली, पण शंभराला 'सता'. आपल्या 'शत'चा मूळ शब्द 'क'ने सुरू व्हायचा, लॅटिनमध्ये 'केन्तुम' आहेच. 'क'चा 'श' आणि पुढच्या अनुनासिकाचा 'अ' होऊन 'शत' झालं ते संस्कृत जिच्यात येते त्या इंडो-इराणी शाखेत, आणि फिनिशमध्ये त्याच वळणाचं रूप आहे. म्हणजे कुणी, कुणाकडून आणि कोणत्या बदलानंतर उचललं, सगळं कळतं. पाच-सहा (विसी, कूसी) मात्र त्यांचे घरचेच. ओनोंच्या जोड्यांतून असं काय हाती लागतं?

सराफेकर: मग रताळ्याचं काय? दक्षिण अमेरिकेतल्या केचुआ भाषेत 'कुमार', न्यूझीलंडच्या माओरीत 'कूमारा'. एका शब्दावर कसला ध्वनिनियम काढणार? तरी ते चालतं!

मल्हारगंजवाले: चालतं, कारण नावासोबत रताळंही गेलं. दक्षिण अमेरिकेतलं हे पीक पॅसिफिकमधल्या कुक बेटांवर युरोपियन यायच्या आधीच्या थरात सापडलंय. शिवाय 2020 मध्ये पॉलिनेशियन (माओरींसारख्या पॅसिफिक बेटांवरच्या) लोकांच्या डीएनएत 1200 सालच्या आसपासच्या अमेरिकी संबंधाचा माग लागला.

पण निमाडी वारा, कागद नसला म्हणून संपर्क नाही असंही नको. जळगाव जामोदकडची निहाली भाषा घ्या. ढीगभर शब्द शेजारच्या कोरकू भाषेचे, दोन-तीन-चार हे आकडे द्रविड वळणाचे, आणि जुना लेख एकही नाही.

निमाडी वारा: निहालीचं मान्यच. गोंडी, कोलामी या द्रविड भाषा बोलणारे त्या भागापासून आजही फार लांब नाहीत. तमिळनाडू ते जपान वाटेत थांबा कुठे?

सराफेकर: भातशेती! ती तमिळ लोकांकडून जपानात गेली, असं ओनोही म्हणत.

मल्हारगंजवाले: जपानातली भातशेती कोरियामार्गे आली, साहेब.

सराफेकर: मग कोरियन-तमिळ तपासा की.

निमाडी वारा: होमर हल्बर्ट या कोरियात राहिलेल्या अमेरिकी मिशनऱ्याने 1905 मध्येच कोरियन आणि द्रविड व्याकरणं शेजारी-शेजारी मांडली. क्रियापद शेवटी, प्रत्यय शब्दाला चिकटलेले. तुर्कीतही तसंच असतं, आता तिलाही मदुराईला आणायचं का?