'सेक्रेटरी ऑफ स्टेट': सचिव की मंत्री?

अमेरिकेची एक बातमी मशीनकडून मराठीत करून घेतली, तर 'सेक्रेटरी ऑफ स्टेट'चं 'राज्य सचिव' झालं. पेपरांत कुठे 'परराष्ट्रमंत्री' दिसतं, कुठे 'परराष्ट्र सचिव'. बरोबर काय?

— परराष्ट्रमंत्री. आपल्याकडे सचिव म्हणजे सनदी अधिकारी, सरकार बदललं तरी नोकरी चालूच. तिकडचा सेक्रेटरी राष्ट्राध्यक्षांनी नेमलेला आणि बहुधा त्यांच्याबरोबरच जाणारा. सप्टेंबर २०१८ मध्ये दिल्लीत 'टू प्लस टू' (दोन्ही देशांच्या परराष्ट्र आणि संरक्षण मंत्र्यांची) बैठक झाली तेव्हा अमेरिकेचे तेव्हाचे सेक्रेटरी ऑफ स्टेट पॉम्पेओ यांच्यासमोर आपल्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज होत्या. 'परराष्ट्र सचिव पॉम्पेओ' लिहिलं की वाटतं, यांनी हाताखालचा माणूस धाडला की काय!

— पण मंत्री म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आमदार-खासदार येतो. अमेरिकेच्या घटनेच्या पहिल्याच अनुच्छेदात त्याला मज्जाव आहे: संघराज्याच्या सरकारी पदावर असेपर्यंत काँग्रेसचं सदस्य राहता येत नाही. (काँग्रेस म्हणजे तिथली संसद, पंजावाली नव्हे.) २००९ मध्ये सेक्रेटरी ऑफ स्टेट होताना हिलरी क्लिंटन यांना म्हणूनच सिनेटची, म्हणजे काँग्रेसच्या वरिष्ठ सभागृहाची, जागा सोडावी लागली. शिवाय मूळ घटनेत 'कॅबिनेट' शब्दच नाही, खात्याचा 'प्रमुख अधिकारी' एवढंच आहे. त्यामुळे 'सचिव' मला अगदीच टाकाऊ वाटत नाही.

— मुद्दा बिनतोड, पण मराठीत पायंडा वेगळा पडलाय. शाळेच्या इतिहासातले 'भारतमंत्री माँटेग्यू' आठवा. त्यांचं पद होतं 'सेक्रेटरी ऑफ स्टेट फॉर इंडिया'.

— पण मग 'स्टेट'मधून परराष्ट्र निघालं कुठून?

— १७८९ च्या जुलैत हे खातं 'परराष्ट्र व्यवहार' याच नावाने निघालं. सप्टेंबरात कायदे छापून प्रसिद्ध करणं, राष्ट्राची मुद्रा सांभाळणं अशी घरची कामंही त्याच्या गळ्यात घातली, म्हणून नाव बदलून 'स्टेट'. हे स्टेट म्हणजे महाराष्ट्र-कर्नाटकवालं राज्य नव्हे, 'राज्यशास्त्र'मधलं राज्य.

— थांबा, खरी गंमत पुढेच आहे. बहुतेक घटकराज्यांचा स्वतःचा वेगळा 'सेक्रेटरी ऑफ स्टेट' असतो! परराष्ट्राशी त्याचा काडीचा संबंध नाही. निवडणुका घेणं, कंपन्यांची नोंदणी अशी कामं. २ जानेवारी २०२१ ला ट्रम्प यांनी फोन करून ११,७८० मतं 'शोधायची' आहेत असं ज्यांना सांगितलं, ते रॅफेन्सपर्गर जॉर्जियाचे सेक्रेटरी ऑफ स्टेट. त्यांना 'जॉर्जियाचे परराष्ट्रमंत्री' लिहिलंत तर वाचक थेट काळ्या समुद्राकाठी पोचेल. तिथे जॉर्जिया नावाचा अख्खा देश आहे आणि त्याला खराखुरा परराष्ट्रमंत्रीही आहे.

— अरे देवा. मग तिथे काय लिहू?

— मी 'जॉर्जिया राज्याचे सेक्रेटरी ऑफ स्टेट' असंच ठेवतो आणि पुढच्या वाक्यात निवडणुका त्यांच्याकडे असतात हे सांगून टाकतो. अलास्का, हवाई आणि युटात हे पदच नाही, तिथे हे काम लेफ्टनंट गव्हर्नर बघतात.

— आणि त्यांचं 'नायब राज्यपाल' करू नका! आपले नायब राज्यपाल दिल्लीत केंद्राने बसवलेले, हे तिथे मतं मागून निवडून आलेले.