प्रोटीनचा डबा हातातच न्यावा. पटत नसेल तर खोडून काढा

हातबॅगवाला

दहा दिवसांच्या प्रवासाला निघालो होतो. मोठा डबा कुठे वागवायचा, म्हणून व्हे (दुधापासूनची प्रोटीन पावडर) आणि क्रिएटिन (स्नायूंच्या ताकदीसाठी घेतात ती पूड) झिपच्या पिशव्यांत भरून चेक-इनच्या बॅगेत टाकलं. मुक्कामी पोचून बॅग उघडली तर वरच बॅग तपासल्याची चिठ्ठी. पिशवीची झिप अर्धवट लावलेली आणि सगळ्या काळ्या शर्टांवर व्हॅनिलाचा थर. दोन धुण्यांनंतरही वास गेला नाही.

तेव्हापासून माझं मत ठाम झालंय. पावडर न्यायचीच असेल तर केबिनमध्ये, मूळ डब्यात, लेबलासकट. उघडायचं तर माझ्यासमोर उघडतील आणि झाकण मी स्वतः लावीन. '३५० मिलीच्या वर बंदी' ही अर्धवट ऐकीव माहिती आहे. अमेरिकेत टीएसए, म्हणजे विमानतळावर सुरक्षा तपासणी करणारी सरकारी संस्था, ३५० मिलीपेक्षा मोठा पावडरीचा डबा वेगळ्या ट्रेमध्ये ठेवायला सांगते, एवढंच. प्रोटीनवर बंदी नाही.

चेकइन_झिंदाबाद

अर्धवट तुम्हीही सांगताय. ३० जून २०१८ पासून परदेशातून अमेरिकेला जाणाऱ्या विमानांसाठी अमेरिकेआधीच्या शेवटच्या विमानतळावर हीच तपासणी होते, आणि तिथे पावडरीबद्दलची शंका फिटली नाही तर ३५० मिलीच्या वरचा डबा केबिनमध्ये जात नाही. तोवर तुमची मोठी बॅग पट्ट्यावरून गेलेली असते. मग डब्याचं काय करणार? कचऱ्याच्या पेटीत. जुलै २०१७ मध्ये सिडनीत विमान उडवण्याचा कट उघडकीस आला, त्यानंतर पावडरीकडे बघण्याची नजरच बदलली आहे.

शर्टांचं म्हणाल तर तो दोष झिपच्या पिशवीचा, चेक-इनचा नव्हे. फिरकीचं झाकण, त्यावर चिकटपट्टी, बाहेरून प्लास्टिकची पिशवी. इतकं केलं की काही होत नाही. (आणि काळ्या शर्टांच्या मधोमध ठेवायचा सल्ला कुणी दिला होता?)

हातबॅगवाला

चिकटपट्टी तपासणारा काढणार, परत कोण लावणार? शिवाय सिडनीचंच उदाहरण घेताय तर पुढचंही सांगा. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी जी मर्यादा घातली ती असेंद्रिय पावडरींना, म्हणजे मीठ, टाल्कम वगैरेंना. कॉफी, प्रोटीन, बाळाचं दूध या सेंद्रिय पावडरींना प्रमाणाची मर्यादा नाही, फक्त तपासणी होऊ शकते. म्हणजे माझा डबा तिथेही हातातच.

चेकइन_झिंदाबाद

आणि तुमची इलेक्ट्रोलाइटची पावडर? त्यात मीठच असतं. ती कुठल्या खणात टाकायची यावर ट्रेपाशी उभं राहून, मागे रांग असताना, वाद घालायची हौस असेल तर घाला.

लेबलावर तुमचा फार विश्वास दिसतो. एक्स-रेत लेबल दिसत नाही हो! तिथे सेंद्रिय पदार्थ नारिंगी, धातू निळा. पीठ, साखर, प्रोटीन आणि बरीचशी स्फोटकंही त्याच नारिंगी रंगात येतात. दोन किलोचा भरगच्च डबा म्हणजे पडद्यावर एक मोठा नारिंगी ठोकळा. तो थांबवला नाही तर मलाच काळजी वाटेल.

मोजूनमापून

दोघंही डब्याला धरून बसला आहात. डबा हवाच कशाला?

पहिलं म्हणजे ३५० मिली हे आकारमान आहे, वजन नव्हे. ३० ग्रॅम व्हेचा स्कूप साधारण ६० ते ७० मिली जागा खातो. म्हणजे त्या मर्यादेत जेमतेम पाच स्कूप. क्रिएटिन रोजचं ५ ग्रॅम धरलं तर दहा दिवसांचं ५० ग्रॅम, औषधाच्या बाटलीएवढ्या बरणीत मावतं. आणि नाहीच नेलं तरी स्नायूंतला साठा मूळ पातळीवर यायला चार ते सहा आठवडे लागतात. दहा दिवसांत तुमचं काहीही कमी होत नाही, मनातलं सोडून. प्रोटीन तर अंडी, मासे, दूध, कडधान्यं यांतूनही मिळतं.

सकाळचा_सेट

असहमत. 'घरी ठेवा' हे हौशी माणसाला ठीक आहे. मी स्पर्धेत उतरते. उत्तेजक चाचणीत काही सापडलं तर ते शरीरात कसं आलं, मुद्दाम घेतलं की नाही, हा प्रश्न नंतरचा; जबाबदारी आधी खेळाडूचीच धरतात. त्यामुळे मी तपासलेल्या बॅचचाच डबा वापरते आणि परक्या ठिकाणी मिळेल तो उचलत नाही. मला डबा न्यावाच लागतो, तोही बॅच नंबर दिसेल असा. पिशव्या, बरण्या नाहीत.

मात्र इथे सगळे फक्त सुरक्षा तपासणीवर बोलताय, कस्टम्सवर कुणीच नाही. व्हे म्हणजे दूध! युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला, थोडे अपवाद सोडले तर, दुग्धजन्य पदार्थ आत नेता येत नाहीत. ऑस्ट्रेलियात खाण्याची वस्तू कार्डावर जाहीर करावी लागते, लपवली तर दंड. आणि प्री-वर्कआउट (व्यायामाआधी घ्यायची पावडर) नेणाऱ्यांनी घटकांची यादी वाचूनच निघावं. डीएमएए हे उत्तेजक एके काळी अशा पावडरींत सर्रास असायचं; ऑस्ट्रेलियाने २०१२ मध्ये त्यावर बंदी घातली.

हातबॅगवाला

कस्टम्सचा मुद्दा मान्य, तो माझ्या डोक्यातच नव्हता. पण त्याने माझीच बाजू बळकट होते ना? बिनलेबलाच्या पिशवीत काय आहे हे तिथल्या माणसाला कसं पटवणार? क्रिएटिन छोट्या बरणीत नेण्याची कल्पनाही त्याच कारणाने नको. पांढरी, बारीक, बिनवासाची पूड आणि वर कागद नाही. काय बोलायचं?

मोजूनमापून

बरणीवर कागद चिकटवायला किती वेळ लागतो? किंवा एकेका मात्रेची छापील पाकिटं घ्या. महाग पडतात, पण प्रश्न मिटतो. फक्त उंचीवर ती फुगतात. केबिनमधला दाब जमिनीवरच्यापेक्षा साधारण पावपट कमी असतो, त्यामुळे तोंडासमोर धरून फाडू नका. अनुभवाचे बोल.

चेकइन_झिंदाबाद

हातबॅगवाला, डब्याच्या चांदीच्या पडद्याचंही तेच. विमानात उघडलात तर शेजाऱ्याच्याही काळ्या शर्टाची सोय होईल.

नवाच_आहे

मध्येच विचारतो. घरूनच शेकरमध्ये घोळून नेलं तर पावडरीची कटकटच नाही ना?

सकाळचा_सेट

नाही हो, मग ते द्रव झालं. बहुतेक विमानतळांवर अजून १०० मिलीचाच नियम आहे. शेक तिथेच उभं राहून संपवावा लागेल. कोरडी पावडर शेकरमध्ये घ्या आणि पाणी आत गेल्यावर घाला. शेकरमधला ढवळायचा तारेचा गोळा मात्र वेगळा ठेवा. नारिंगी ठोकळ्याच्या पोटात निळी गुंडाळी दिसली तर तपासणारा बॅग उघडणारच.