मदत हवी आहे: सासूबाईंना डायनिंग हॉलमध्ये व्हीलचेअर आणू देत नाहीयेत (न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी, सासूबाई 79 वर्षांच्या, इथे न्यू जर्सीत 55 प्लस सीनियर कम्युनिटीत बाबांसोबत (सासऱ्यांसोबत) राहतात. मार्चमध्ये स्ट्रोक आला तेव्हापासून इलेक्ट्रिक व्हीलचेअरवर आहेत आणि आता मॅनेजमेंट म्हणतंय की हॉलमध्ये ही चेअर नको, बाकीच्यांना अडचण होते, जेवण खोलीत पाठवू, वर चेअरसाठी वेगळं डिपॉझिट पण मागतायत. 52 वर्षं दोघं एकत्र जेवलेत हो, आई आता नीट जेवतच नाहीत.

मी वाचलं त्यानुसार फेअर हाउसिंग ॲक्ट (घरांच्या बाबतीत भेदभावाला बंदी घालणारा अमेरिकन कायदा) 1968 चा, त्यात अपंगत्व 1988 मध्ये आलं, आणि 55 प्लसवाल्यांना सूट आहे ती फक्त लहान मुलं असलेल्या कुटुंबांबाबत, अपंग माणसाला अडवायची नाही. व्हर्जिनियात नॉरफोकला अशाच डायनिंग हॉलच्या बंदीवरून 2015 मध्ये रहिवाशांना भरपाई द्यावी लागली होती.

कोणी इथे 'रीझनेबल अकोमोडेशन'ची (अपंगत्वामुळे नियमात वाजवी सवलत देण्याची) लेखी रिक्वेस्ट केलीय का? डॉक्टरच्या पत्रात नेमकं काय लिहून घ्यायचं? एचयूडीकडे (केंद्र सरकारच्या गृहनिर्माण खात्याकडे) तक्रारीला 1 वर्ष मिळतं पण स्टेटच्या सिव्हिल राइट्स डिव्हिजनला 180 दिवसच, मग आधी कुठे जावं? बाबा घाबरलेत की तक्रार केली तर घर सोडायला लावतील, तसा सूड घेणं पण बेकायदा आहे हे मी सांगतेय पण त्यांना पटत नाहीये. कोणी यातून गेलं असेल तर प्लीज लिहा, मराठी किंवा हिंदी बोलणारा वकील माहीत असेल तर मेसेज करा.