सर्व विधाने सत्य असूनही युक्तिवाद अवैध कसा?

प्रश्न:
तर्कशास्त्राचा अभ्यास नुकताच सुरू केला असून वैधतेच्या व्याख्येपाशी अडलो आहे. ‘सर्व पक्षी सस्तन आहेत, सर्व देवमासे पक्षी आहेत, म्हणून सर्व देवमासे सस्तन आहेत’ हा युक्तिवाद वैध मानतात. उलट ‘काही सस्तन प्राणी समुद्रात राहतात, सर्व देवमासे सस्तन आहेत, म्हणून सर्व देवमासे समुद्रात राहतात’ यात एकही विधान असत्य नाही, तरी तो अवैध ठरतो. असे का?

पहिले उत्तर:
सत्य-असत्य हे विधानांचे गुण आहेत, तर वैध-अवैध हे युक्तिवादाचे. आधारविधाने (ज्यांवरून निष्कर्ष काढला जातो ती विधाने) सत्य आणि निष्कर्ष मात्र असत्य, अशी स्थिती संभवतच नसेल तर युक्तिवाद वैध होय. आधारविधाने प्रत्यक्षात सत्य आहेत का, हे ही व्याख्या विचारतच नाही. आपल्या पहिल्या उदाहरणाचा आकार ‘सर्व ख हे ग आहेत, सर्व क हे ख आहेत, म्हणून सर्व क हे ग आहेत’ असा आहे. ॲरिस्टॉटलने अभ्यासलेल्या आणि मध्ययुगात ‘बार्बारा’ असे नाव मिळालेल्या या आकारात कोणतीही पदे घातली, तरी सत्य आधारांतून असत्य निष्कर्ष निघत नाही. आता दुसऱ्या उदाहरणात देवमाशांच्या जागी हत्ती ठेवून पाहा. काही सस्तन प्राणी समुद्रात राहतात हे खरे, सर्व हत्ती सस्तन आहेत हेही खरे, पण हत्ती समुद्रात राहत नाहीत. तो आकार अवैध ठरवायला हे एक प्रतिउदाहरण पुरेसे आहे.

दुसरे उत्तर:
वरील उत्तराला एक पुस्ती जोडतो. प्रतिउदाहरण सुचले नाही, एवढ्यावरून वैधता सिद्ध होत नाही. विधानीय तर्कशास्त्रात, म्हणजे अख्खी विधाने ‘जर-तर’, ‘आणि’, ‘किंवा’ अशा शब्दांनी जोडणाऱ्या तर्कशास्त्रात, मात्र सत्यता-कोष्टकाने (विधानांच्या सत्य-असत्यतेच्या सर्व शक्यता ओळीओळीने मांडणाऱ्या तक्त्याने) निश्चित निर्णय देता येतो, कारण n विधानचलांसाठी (विधानांच्या जागी येणाऱ्या प, फ यांसारख्या अक्षरांसाठी) 2ⁿ ओळी तपासल्या की काम संपते. ‘जर प तर फ, फ, म्हणून प’ याच्या 4 ओळींपैकी प असत्य आणि फ सत्य असलेली ओळ पाहा: तेथे दोन्ही आधारविधाने सत्य होतात, निष्कर्ष तेवढा असत्य राहतो.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे, आकाराचा मुद्दा स्पष्ट झाला. पण आधारच असत्य असेल, तर अशा वैध युक्तिवादाचा उपयोग काय?

पहिले उत्तर देणारे:
निष्कर्ष सिद्ध करायचा असेल तर वैधतेबरोबर आधारविधानांची सत्यताही हवीच. परंतु गृहीतक खोडून काढायचे असते तेव्हा नुसती वैधताच कामी येते, आणि माझ्या मते तिचे खरे सामर्थ्य येथेच दिसते. √2 ही संख्या परिमेय आहे असे गृहीत धरून ती अतिसंक्षिप्त अपूर्णांकात मांडली, तर अंश आणि छेद दोन्ही सम असल्याचे निष्पन्न होते, जे अतिसंक्षिप्त अपूर्णांकात शक्य नाही. मधली प्रत्येक पायरी वैध असल्यामुळे दोष पायऱ्यांवर ढकलता येत नाही, म्हणून ते गृहीतकच असत्य मानावे लागते.