बिस्टोर्टा व्हिविपारा: नाव कोणतं धरायचं? हिमालय आणि स्वालबार्डची जात एकच का?

हिमफूल: लाहौलमध्ये ४,००० मीटरच्या आसपास, ओलसर गवताळ उतारावर जुलैअखेर टिपलेली वनस्पती आहे. उंची वीतभर, एकच ताठ कणीस, वर पांढरी फुलं, खाली तपकिरी दाणे. पुस्तकांत तीन नावं सापडली: पॉलिगोनम व्हिविपारम, पर्सिकेरिया व्हिविपारा, बिस्टोर्टा व्हिविपारा. नोंदीत कोणतं लिहू? स्वालबार्ड या उत्तर ध्रुवाजवळच्या नॉर्वेच्या बेटांच्या यादीतही हेच नाव आहे, ती दुसरी जात तर नाही?

पानदेठ: तिन्ही नावं एकाच जातीची आहेत. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये ती पॉलिगोनममध्ये घातली, तेव्हा ती प्रजाती (जवळच्या जातींचा गट) फारच ऐसपैस होती. देलार्ब्रने १८०० मध्ये बिस्टोर्टात हलवली. पर्सिकेरियाचं नाव तर १९८८ चं. बिस्टोर्टाच लिहा. खऱ्या पॉलिगोनमची फुलं पानांच्या बेचक्यात येतात, पर्सिकेरियाचं खोड पानांनी भरलेलं आणि फांद्यांचं असतं. इथे जाड, पिळदार मूलस्तंभ (जमिनीतलं खोड), बुडाशी पानं आणि बिनफांदीच्या दांड्यावर एकच कणीस. डीएनएही तिला पर्सिकेरियापासून वेगळंच काढतो. कूळ आपल्या आंबट चुक्याचं, पॉलिगोनेसी. म्हणून पानाच्या बुडाशी खोडाला वेढणारी पातळ नळी, ओक्रिया, दिसतेच. जुने नमुने शोधताना मात्र पॉलिगोनम टाकून पाहा, चीनच्या २००३ च्या फ्लोरातही (वनस्पतींच्या ग्रंथात) तेच नाव आहे.

दहापट_भिंग: ओळख पक्की करायला कणसाचा खालचा भाग बघा. ते दाणे बिया नव्हेत, बल्बिल आहेत: फुलांच्या जागी आलेले छोटे कंद. कधी कधी दांड्यावर असतानाच त्यांना हिरवं पान फुटतं. 'व्हिविपारा' म्हणजे पिल्लं देणारी, ते यावरूनच. पानाची कडा खाली मुडपलेली हवी. बहुतेक चुका वरून घेतलेल्या एकाच फोटोमुळे होतात. वरून ही याच प्रजातीतल्या बिस्टोर्टा अफिनिससारखी भासू शकते, पण अफिनिसचं कणीस गुलाबी, भरगच्च, बल्बिल नसलेलं, आणि ती जमिनीवर गालिच्यासारखी पसरते. हंगाम सरल्यावर फुलं गळून नुसते बल्बिल उरतात, तेव्हा लोक तिला बी धरलेलं गवत समजतात. कणीस बाजूने, पानाची खालची बाजू आणि ओक्रिया, एवढे तीन फोटो घ्या.

टुंड्रा: स्वालबार्डचीही हीच जात. उत्तर ध्रुवाभोवती पूर्ण कडं: ग्रीनलँड, आइसलँड, नॉर्वे, सायबेरिया, अलास्का. दक्षिणेकडे स्कॉटलंड, आल्प्स, कॉकेशस, हिमालय, तिबेट, रॉकी पर्वत. स्वालबार्डला ती समुद्रसपाटीला उगवते, आपल्याकडे तिला साधारण ३,००० मीटरच्या वर चढावं लागतं. हिमयुगात थंड प्रदेश खालपर्यंत पसरले होते. ऊब वाढली तशा या वनस्पती काही उत्तरेला, काही डोंगरांवर सरकल्या. बी क्वचितच धरतं, त्यामुळे पसारा मुख्यतः बल्बिलांवर. बिस्टोर्टाच्या सर्वाधिक जाती हिमालय आणि पश्चिम चीनच्या डोंगरांत आहेत, त्यामुळे ही जात हिमालयात असण्यात नवल नाही.

हिमफूल: खूप आभार. हर्बेरियमसाठी (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहासाठी) एक रोप काढलं तर चालेल?

दहापट_भिंग: परवाना असेल तरच, आणि मूलस्तंभ जमिनीतच राहू द्या. वनस्पतिशास्त्रज्ञ पामेला डिगल यांनी १९९७ मध्ये कोलोराडोत दाखवलं की पान किंवा कणीस आत घडायला लागल्यापासून पूर्ण व्हायला चार वर्षं लागतात. आज खुडलेलं कणीस म्हणजे चार उन्हाळ्यांची कमाई. दाबताना बल्बिल सुटतात, ते कागदाच्या पुडीत घालून नमुन्याच्याच कागदावर चिकटवा.